आत्याचा पत्ता सरकारी दप्तरात

वडिलोपार्जित जमिनीचा व्यवहार ठरतो, विसार दिला-घेतला जातो आणि खरेदीदाराचा वकील तीस-चाळीस वर्षांचे कागद चाळता चाळता एका जुन्या फेरफारापाशी थांबतो. आजोबा वारल्यावर १९७२ मध्ये पडलेल्या त्या नोंदीत तीन मुलांच्या बरोबरीने दोन मुलींचीही नावे आहेत. थोरली आत्या जवळच्याच गावी नांदली, तिचा प्रश्न नाही. धाकटी लग्नानंतर मुंबईला गेली. नवरा गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर येणे-जाणे कमी झाले, पुढे पत्रेही थांबली. ती हयात आहे की नाही, हे आज घरात कोणालाच ठाऊक नाही. वकील मात्र एकच सांगतो : तिची सही हवी, ती नसेल तर तिच्या वारसांची.

उदाहरण नमुन्यादाखल रचलेले आहे, पण ते कोणत्याही तलाठ्याला किंवा दिवाणी वकिलाला अनोळखी वाटणार नाही. माणूस शोधायचा म्हटले की शहरी वाचकाला प्रथम इंटरनेट आठवते. परंतु सत्तरी-ऐंशीतील एखादी स्त्री तेथे बहुधा नसतेच. ती असते महसूल खात्याच्या, नगरपालिकेच्या आणि शाळेच्या दप्तरात. तेही एका नावाने नव्हे, तर दोन-तीन निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या तालुक्यांत.

तिची सही लागते ती कायद्यामुळे. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आल्यापासून मुलगी ही वडिलांच्या हिश्श्याची पहिल्या वर्गातील वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळण्यास मात्र बराच काळ लागला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, त्या तारखेस वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे ‘तिचे लग्न करून दिले, विषय संपला’ या समजुतीवर चाळीस वर्षे चाललेली घरे आता आत्यांचे पत्ते शोधू लागली आहेत.

नोंद कोठे सुरू होते?

शोधाची सुरुवात मुंबईत नव्हे, माहेरच्या गावी करावी लागते. गावच्या महसुली हिशेबाचे एकवीस गाव नमुने आहेत. त्यांपैकी सात आणि बारा मिळून झालेला सातबारा सर्वांना माहीत असतो. माणसे शोधण्यासाठी मात्र नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, आणि त्याचाच भाग असलेली सहा-क ही वारस नोंदवही अधिक उपयोगी पडते. सातबारा आज जमीन कोणाच्या नावे आहे एवढेच सांगतो. ती तिथवर कशी आली याची हकिकत फेरफारात असते. खातेदार कधी मयत झाला, मागे कोण कोण राहिले, त्यांचे मृताशी नाते काय, मुली असल्यास त्या कोठे दिल्या, असा मजकूर जुन्या फेरफारांत अनेकदा सापडतो. सातबाऱ्यावरील मालकांच्या नावांजवळ किंवा ‘इतर अधिकार’ या रकान्यात दिसणारे क्रमांक हे याच फेरफारांचे क्रमांक होत. ते उतरवून घेऊन एकेक नोंद मागे मागे तपासत जायचे.

पुष्कळ कुटुंबांत बहिणींची नावे मुख्य रकान्यात न लागता ‘इतर अधिकार’ या रकान्यात लागलेली दिसतात. काही ठिकाणी ती लागलीच नाहीत; भावांनी वर्दी देताना वारसांत फक्त भावांची नावे सांगितली आणि तलाठ्यानेही अधिक विचारले नाही. कायद्याप्रमाणे फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंध असलेल्यांना नोटीस बजावावी लागते. ती माहेरच्या पत्त्यावर काढली, तर भावाच्याच हाती पडते.

जुन्या नोंदी वाचताना नावांच्या मधले शब्द समजले पाहिजेत. पश्चिम महाराष्ट्रात ‘रामा बिन गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. मराठवाड्यात त्याच अर्थी ‘वलद’ येते. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ असेल तर पुढचे नाव नवऱ्याचे. भ्र. म्हणजे भ्रतार. ‘अ. पा. क.’ याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस त्या वेळी अल्पवयीन होता आणि पालक म्हणून अमुक व्यक्तीचे नाव लागले. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरे दिसली, की एका भावाच्या नावामागे सगळे घर उभे आहे असे समजावे. आपल्या आत्याच्या शोधात निर्णायक ठरू शकते ते ‘भ्र.’ हेच अक्षर. त्यापुढे तिच्या पतीचे नाव आणि नशीब चांगले असेल तर सासरचे गाव मिळते.

सातबारा आणि आठ-अ ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांकाने किंवा नावाने शोध घेता येतो. केवळ पाहण्यासाठी शुल्क नाही. हस्तलिखित फेरफार सर्व ठिकाणी ऑनलाइन नाहीत. ते तलाठ्याच्या दप्तरात किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज देऊन काढावे लागतात. (तलाठ्याचे पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे. गावात विचारताना तलाठीच म्हणावे.)

तालुका आणि जिल्हा कोणता, हाही प्रश्न सोपा नाही. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये झाले, लातूर व गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार व वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली व गोंदिया १९९९ मध्ये आणि पालघर २०१४ मध्ये. जुन्या कागदावर ‘जि. उस्मानाबाद’ लिहिलेले गाव आज लातूर जिल्ह्यात असू शकते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील जुन्या महसुली कागदांत उर्दू भेटते, तर पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या कागदांत मोडी. जातीच्या दाखल्यांसाठी पूर्वजांची नोंद शोधणाऱ्यांना याचा अनुभव आहेच. त्यांना मानीव दिनांकाच्या आधीचा पुरावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मोडी वाचकांना जी मागणी आली, ती प्रामुख्याने याच कारणाने.

कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर

आत्याचे वय निश्चित ठाऊक असेल तर पुढचे काम निम्मे होते, कारण मतदार यादीत एकाच नावाच्या अनेक स्त्रिया निघतात आणि त्यांत फरक करायचा तो वयावरून. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्याआधीच्या जन्म-मृत्यूंची गावपातळीवरील नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात त्यात असते. ही बुके आता बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. त्यांत बाळाचे नाव असेलच असे नाही. पुष्कळदा तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले आढळते. घरात तीन मुली असतील, तर कोणती नोंद कोणाची, हे घरातल्या थोरल्या माणसालाच विचारावे लागते.

येथे एक चूक नेहमी होते. जन्म आणि मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, तर घटना जेथे घडली तेथे होते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. त्यामुळे घरातील थोरल्या अपत्याची नोंद वडिलांच्या गावी शोधून उपयोग नाही. ती आजोळी असते. आत्याच्या बाबतीतही हेच. ती घरातली पहिली मुलगी असेल तर आजीचे माहेर कोणते, हे आधी विचारावे. हीच गोष्ट मृत्यूची. लालबागला राहणारी व्यक्ती केईएम रुग्णालयात वारली, तर नोंद महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात होते. उपचारासाठी गावी नेलेली असेल, तर त्या गावी.

या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणतीही व्यक्ती नोंदवहीत शोध घेण्यास सांगू शकते आणि ठरावीक शुल्क भरून उतारा मिळवू शकते. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र उघड करता येत नाही. प्रत्यक्षात खिडकीवरचा कर्मचारी ‘तुमचे नाते काय’ असे विचारतोच. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज देणे बरे.

मुलगी एखादे वर्ष जरी शाळेत गेली असेल, तरी शाळेचे जनरल रजिस्टर उपयोगी पडते. त्यात जन्मतारीख, जन्मस्थळ, दाखल झाल्याची व शाळा सोडल्याची तारीख असते. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांची जुनी रजिस्टरे मुख्याध्यापकांच्या कपाटात आहेत. ‘प्रवेश निर्गम उतारा’ या नावाने त्याची नक्कल मिळते.

दुसऱ्यांदा दिसते ती विधवा म्हणून

माहेरच्या फेरफारातून सासरचे गाव कळले की तेथील खाते पाहायचे. खाते अर्थातच नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे असणार. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर आणण्यासाठी शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम केली, शासनानेही योजना आणली, तरी जुन्या खात्यांत हयात नवऱ्याबरोबर बायकोचे नाव क्वचितच दिसते. नवरा वारला की चित्र बदलते. वारस फेरफारात ‘पत्नी’ म्हणून तिचे नाव येते आणि त्याखाली मुलामुलींची नावे वयांसह. म्हणजे महसुली दप्तरात एका सर्वसाधारण स्त्रीची गाठ दोनदाच पडते : बाप गेल्यावर आणि नवरा गेल्यावर. या दोन फेरफारांच्या मधली तीस-चाळीस वर्षे दुसऱ्या कागदांतून भरून काढावी लागतात. पण दुसरा फेरफार मिळाला तर पुढच्या पिढीची नावे हाती येतात आणि मुलग्यांचा शोध लागणे त्यामानाने सोपे असते. त्यांची आडनावे बदललेली नसतात.

सासरी जमीन नसेल तर सगळी भिस्त मुंबईवर. तेथे पहिली जागा मतदार यादी. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, वय, जिल्हा आणि मतदारसंघ भरून शोध घेता येतो. विधानसभा मतदारसंघाच्या भागनिहाय याद्याही उपलब्ध असतात. सार्वजनिक यादीत छायाचित्र नसते. अडचण असते ती लेखनाची. गंगूबाईची ‘गंगुबाई’ झालेली असते, ‘बाई’ गळून नुसती ‘गंगा’ उरलेली असते, पतीचे ‘तुकाराम’ हे नाव इंग्रजीतून मराठीत येताना भलतेच झालेले असते. ऱ्हस्व-दीर्घ बदलून दोन-चार वेळा शोध घेतल्याशिवाय ‘नाव नाही’ असा निष्कर्ष काढू नये. जुन्या याद्यांचे मोल काय, ते २०२५ मध्ये बिहारच्या लोकांना कळले. तेथील विशेष सखोल पुनरीक्षणात २००३ च्या यादीत आपले किंवा आईवडिलांचे नाव शोधण्याची वेळ लाखोंवर आली. त्याच वर्षी पुढच्या टप्प्यात गोव्याचाही समावेश झाला.

नवरा गिरणी कामगार होता, हा धागाही सोडू नये. म्हाडाने २०१२, २०१६ आणि २०२० मध्ये गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडती काढल्या. कामगार मयत असेल तर वारसांना अर्ज करता येत होता. त्यामुळे सोडतीच्या याद्यांत कामगाराचे किंवा वारसाचे नाव सापडण्याची शक्यता असते. चाळीची पुनर्बांधणी झाली असेल तर भाडेकरूंची यादी, झोपडपट्टी पुनर्वसन योजना असेल तर ‘परिशिष्ट-२’ ही पात्र-अपात्र रहिवाशांची यादी पाहावी. परिशिष्ट-२ मध्ये झोपडीधारकाचे नाव असते आणि मुंबईच्या शोधात मतदार यादीपेक्षाही ते कधी कधी नेमके ठरते, कारण तेथे घर क्रमांकाला खरोखरच अर्थ असतो.

घर विकत घेतले असेल तर दस्ताची नोंद दुय्यम निबंधकाकडे झालेली असते. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पहिले पुस्तक आणि त्याच्या सूची कोणालाही पाहण्यास खुल्या आहेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ‘इंडेक्स टू’ पाहता येतो. पण तो मिळकतीवरून शोधायचा, माणसाच्या नावावरून नव्हे. इमारत माहीत नसेल तर त्याचा उपयोग थोडा. मृत्युपत्राचे तसे नाही. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल ते करणाऱ्याच्या हयातीत फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते. मृत्यूनंतर कोणीही अर्ज करू शकतो. राजपत्रातील नावबदलाच्या जाहिरातीही पाहाव्यात. आत्याचे नसले तरी तिच्या सुनेचे जुने-नवे नाव पत्त्यासह तेथे मिळू शकते.

एवढे करूनही काही हाती लागले नाही, तर पोलिसांच्या नोंदी राहतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बेपत्ता व्यक्ती आणि बेवारस मृतदेह यांचा शोध घेण्याची सोय आहे. सात वर्षे जी व्यक्ती, तिची खबर ज्यांना साहजिकच मिळाली असती त्यांनाही मिळालेली नाही, ती मयत असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. भावाच्या घरी चाळीस वर्षे पत्र आले नाही, एवढ्यावर हे भागत नाही. तिच्या मुलांना, शेजाऱ्यांना खबर होती का, हे पाहावे लागते. म्हणूनच ‘सात वर्षे झाली, आता सहीची गरज नाही’ हा गावोगावी दिला जाणारा सल्ला धोक्याचा आहे. वृत्तपत्रातील जाहीर नोटिशीचेही तसेच. पंधरा दिवसांत हरकत घ्या, असे सांगणारी नोटीस जिल्ह्याच्या आवृत्तीत छापून येते आणि जिच्यासाठी छापली ती स्त्री, असलीच तर, डोंबिवलीत किंवा सुरतेत असते. अशी नोटीस खरेदीदाराची सद्भावना दाखवायला उपयोगी पडेल. वारसाचा हक्क तिने बुडत नाही.

जिला सापडायचे नसते ती

नोंदी खुल्या आहेत, म्हणजे त्यांचा कसाही उपयोग करावा असे नव्हे. सासरच्या किंवा माहेरच्या जाचातून निघून गेलेली स्त्री, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली मुलगी यांच्यासाठी मतदार यादीतला पत्ता ही भीतीची बाब असू शकते. सज्ञान व्यक्ती स्वेच्छेने गेली असेल आणि पत्ता कळवू नका म्हणत असेल, तर पोलिस तिचा जबाब घेऊन बेपत्ता नोंद निकाली काढतात. नातेवाइकांना ती सुखरूप असल्याचे कळते, ठिकाण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(जे) बदलले. नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती लागू आहे. वैयक्तिक माहिती नाकारण्यास अधिकाऱ्याला आता पूर्वीपेक्षा अधिक वाव मिळाला आहे. व्यापक जनहिताचा अपवाद कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण घरगुती वारसाच्या शोधाला तो लागू होणे कठीण. शिधापत्रिका किंवा निवृत्तिवेतनाच्या फाइलमधील पत्त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून वेळ दवडू नये. फेरफार, दस्तांच्या सूची आणि जन्म-मृत्यूचे उतारे मात्र आपापल्या कायद्यांप्रमाणे मिळतात; त्यांसाठी माहिती अधिकाराची गरजच नसते.

पुढच्या पिढीचा शोध थोडा सोपा होईल असे दिसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, स्वतःच्या नावानंतर आणि वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावणे राज्य शासनाने सरकारी कागदपत्रांसाठी बंधनकारक केले आहे. आज ज्या आत्यांचा शोध चालू आहे, त्यांच्या मुलांच्या कागदांवर आईचे नाव बहुधा फक्त जन्माच्या नोंदीत आणि शाळेच्या रजिस्टरात आहे.

समजा, आत्या सापडली. निधन झाले असेल तर तिचा हिस्सा मुलांकडे जातो. मूलबाळ नसेल तर वडिलांकडून आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत येते, नवऱ्याच्या नातलगांकडे नव्हे. हयात असेल तर भाचे बहुतेक वेळा हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच दारात उभे राहतात. त्यावर सही करण्याचे बंधन तिच्यावर नाही. वकिलाला तिची सही हवी असते ती तिचा हिस्सा कायम आहे म्हणूनच. हा हिस्सा किती, जमिनीचा भाव काय ठरला, विसार किती घेतला, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे. सही न देता खरेदीखतात विकणाऱ्यांपैकी एक म्हणून सामील होऊन ती आपल्या वाट्याची रक्कम घेऊ शकते. व्यवहारच नको असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपासाठी तिला अर्ज करता येतो. अर्जासोबत जोडायचा मुख्य कागद म्हणजे सातबारा आणि १९७२ चा तोच फेरफार.